चौदा लाख तुकडे आणि सोळा जीबी मेमरी : व्हेक्टर शोधाचा वेग व साठवणीचा खर्च

आपल्या प्रश्नाचा आशय प्रथम मांडतो, म्हणजे पुढील आकडे कशाचे आहेत हे इतर वाचकांनाही कळेल. आर्वी तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आपण पीकसल्ल्याची शोधव्यवस्था चालवता. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी, कीडरोगांची माहितीपत्रके आणि गेल्या काही हंगामांत सभासदांनी व्हॉट्सॲपवर विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे असे मिळून मजकुराचे १४ लाख तुकडे तीत आहेत. प्रत्येक तुकड्याचा १०२४ मितींचा व्हेक्टर, म्हणजे मजकुराचा अर्थ दाखवणारी, मॉडेलने काढलेली १०२४ अंकांची यादी, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजीव्हेक्टर या जोडणीच्या साहाय्याने साठवलेली आहे. तिच्यावर एचएनएसडब्ल्यू प्रकारचा इंडेक्स, म्हणजे प्रश्नाच्या सर्वांत जवळचे व्हेक्टर चटकन शोधून देणारे जाळे, आहे. १६ जीबी मेमरीच्या भाड्याच्या यंत्रावर हे सारे उन्हाळ्यापर्यंत सुरळीत चालले. मात्र मृगानंतर नवे तुकडे आणि प्रश्न दोन्ही वाढले आणि एका शोधाला दोन-तीन सेकंद लागू लागले. ६४ जीबीचे यंत्र घ्या, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. तो कंपनीला परवडणारा नाही, म्हणून डेटाबेसच बदलावा का, असे आपण विचारता.

माझ्या मते डेटाबेस बदलण्याची गरज नाही आणि मोठ्या यंत्राचीही नाही. वेग आणि खर्च ही तराजूची दोन पारडी आहेत, असे गृहीत धरून बहुतेक जण या प्रश्नाकडे पाहतात. प्रत्यक्षात तिसरी गोष्ट पणाला लागलेली असते आणि ती म्हणजे अचूकता : सर्वांत जवळच्या खऱ्या दहा तुकड्यांपैकी किती तुकडे शोधात सापडतात हे प्रमाण, ज्याला या क्षेत्रात रिकॉल म्हणतात. आपण किती रिकॉल सोडायला तयार आहोत हे आधी ठरले, तर वेग आणि जागा यांचा हिशेब कागदावर एका बैठकीत सुटतो. ते ठरवलेच नाही, तर यंत्रे आणि डेटाबेस बदलण्यात वर्ष निघून जाते.

हिशेबापासून सुरुवात करू. एका मितीला चार बाइट लागतात, म्हणून १०२४ मितींचा एक व्हेक्टर ४०९६ बाइटचा होतो आणि १४ लाख व्हेक्टरांना सुमारे ५.७ जीबी जागा लागते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, त्यामुळे ६०० चिन्हांचा आपला एक तुकडा सुमारे १८०० बाइटचा भरतो. म्हणजे मजकुरापेक्षा त्याचा व्हेक्टर दुपटीहून जड आहे. एचएनएसडब्ल्यूमध्ये प्रत्येक बिंदूचे शेजारी नोंदवलेले असतात. शेजाऱ्यांची संख्या ठरवणारा एम हा घटक १६ असेल तर जाळ्याच्या सर्वांत खालच्या थरात ३२ शेजारी, प्रत्येकी चार बाइट धरून १२८ बाइट होतात. १४ लाख बिंदूंसाठी हे ०.१८ जीबीच्या आसपास जाते आणि वरच्या थरांमुळे त्यात किरकोळच भर पडते. इंडेक्सने मेमरी खाल्ली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण पूर्ण आकाराच्या व्हेक्टरांपुढे शेजाऱ्यांच्या यादीचे वजन शेकडा तीन-चारच असते. वजन व्हेक्टरांचेच आहे, त्यामुळे काटकसरही तेथेच करावी लागते.

मग आपला इंडेक्स ५.९ जीबीऐवजी ११ जीबीच्या वर का गेला? याचे कारण पोस्टग्रेसच्या पानात आहे. पोस्टग्रेस डिस्कवरची जागा ८ केबीच्या पानांत वाटतो. आपल्या एका नोंदीला व्हेक्टर आणि त्याचा बोजा धरून ४१०० बाइटांहून थोडी अधिक जागा लागते, म्हणून एका पानात दोन नोंदी बसत नाहीत आणि जवळजवळ अर्धे पान रिकामे राहते. १४ लाख पाने गुणिले ८ केबी म्हणजे सुमारे ११.५ जीबी. शिवाय मूळ तक्त्यात व्हेक्टरांची आणखी एक प्रत आहेच. हा पीजीव्हेक्टरचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. मितींची संख्या निवडताना पानाचा आकार कोणी विचारात घेत नाही, इतकेच.

अचानक आलेल्या मंदपणाचा उलगडाही येथेच होतो. एचएनएसडब्ल्यूचा शोध एका बिंदूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. शोधताना किती उमेदवार हाताशी ठेवायचे हे ठरवणाऱ्या ईएफ-सर्च या घटकाचे मूळ मूल्य, म्हणजे ४०, ठेवले तरी ढोबळ मानाने काही शेकड्यांपासून हजारापर्यंत बिंदूंची तपासणी होते आणि ते बिंदू डिस्कवर विखुरलेले असतात. संपूर्ण इंडेक्स मेमरीत बसतो तोवर हे सारे काही मिलिसेकंदांत उरकते. ऑपरेटिंग सिस्टीम, आपला सल्ल्याचा प्रोग्राम आणि मूळ तक्ता यांना जागा देऊन १६ जीबीत ११.५ जीबीचा इंडेक्स कसाबसा मावत होता. नव्या हंगामाचे तुकडे आल्यावर तो मावेनासा झाला आणि काही उड्या डिस्कवर पडू लागल्या. भाड्याच्या डिस्कला सेकंदाला किती वाचने करता येतील याची मर्यादा असते. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या जीपी३ डिस्कला मूळ दरात सेकंदाला ३००० वाचने मिळतात. एका शोधाला पाचशे वाचने लागली तर सेकंदाला सहाच शोध होतात, आणि सकाळी आठच्या सुमारास पंधरा जण एकाच वेळी विचारू लागले की रांग लागते. म्हणून ही घसरण हळूहळू होत नाही. तळ्याची पाळ फुटावी तशी ती एका दिवसात होते, आणि माणूस त्या दिवशी काय बदलले हे शोधत बसतो, जेव्हा बदल महिनाभर आधीपासून चाललेला असतो.

पहिला उपाय साधा आहे : चार बाइटांच्या जागी दोन बाइटांचे अंक वापरणे. पीजीव्हेक्टरच्या ०.७.० या २०२४ मधील आवृत्तीपासून हाफव्हेक हा प्रकार उपलब्ध आहे. अशा आखूड अंकांमुळे मजकूरशोधाच्या रिकॉलमध्ये पडणारा फरक सहसा मोजमापातही जेमतेम दिसतो, हा माझा अनुभव आहे. परंतु आपल्या बाबतीत लाभ निम्म्याचा नसून त्याहून मोठा आहे, कारण दोन बाइटांच्या अंकांनी बनलेल्या नोंदी एका पानात तीन बसतात. इंडेक्स ११.५ जीबीवरून सुमारे ३.८ जीबीवर, म्हणजे एक-तृतीयांशावर येतो आणि आहे त्याच १६ जीबीच्या यंत्रात मोकळेपणाने मावतो. मूळ तक्त्याला हात न लावता हाफव्हेकमध्ये रूपांतर करणाऱ्या सूत्रावर नवा इंडेक्स बांधता येतो. तो बांधून झाल्यावर शोधाच्या क्वेरीतही तेच रूपांतर लिहावे, नाहीतर पोस्टग्रेस नवा इंडेक्स वापरणारच नाही. त्यानंतर जुना काढून टाकावा. बांधणीच्या वेळी मेंटेनन्स-वर्क-मेम, म्हणजे अशा कामाला मिळणाऱ्या मेमरीची पोस्टग्रेसमधील मर्यादा, पुरेसे वाढवावे, अन्यथा बांधले जाणारे जाळे मेमरीबाहेर गेले की काम कित्येक पट रेंगाळते. आपला तातडीचा प्रश्न येथेच मिटावा.

यापुढचे पाऊल उद्याचे आहे, पण त्यातील तत्त्व समजून घेण्याजोगे आहे. बाजार समितीत कापसाची गाडी आली की खरेदीदार सगळा कापूस पाहत नाही. तो मूठभर उपसतो, बोटांत ओढून पाहतो आणि दहा गाड्यांपैकी कोणत्या दोन-तीनकडे नीट पाहायचे ते ठरवतो. धाग्याची लांबी आणि ओलावा यांची बारीक तपासणी त्या दोन-तीन गाड्यांपुरतीच होते. व्हेक्टरांच्या शोधातही अशा दोन पायऱ्या करता येतात. प्रत्येक मितीचे केवळ चिन्ह, म्हणजे ती शून्याच्या वर आहे की खाली एवढेच ठेवले, तर एका मितीला एक बिट पुरतो आणि ४०९६ बाइटांचा व्हेक्टर १२८ बाइटांवर येतो. अंक असे ठोकळ करून जागा वाचवण्यास क्वांटायझेशन म्हणतात आणि या एक-बिटी प्रकारास बायनरी क्वांटायझेशन. या ठोकळ रूपावरून आधी शे-दोनशे उमेदवार निवडायचे आणि त्यांचेच पूर्ण व्हेक्टर वाचून अंतिम दहा ठरवायचे. १०२४ किंवा त्याहून अधिक मितींच्या व्हेक्टरांना हे बरे मानवते. ३८४ मितींच्या लहान मॉडेलवर मी ते वापरणार नाही, कारण तेथे चिन्हांत उरणारी माहिती फारच तुटपुंजी असते.

या पद्धतीत वाचलेला खर्च कोठे परत येतो, ते मात्र पाहिले पाहिजे. दोनशे उमेदवारांचे पूर्ण व्हेक्टर डिस्कवर असतील तर प्रत्येक शोधाला किमान दोनशे विखुरलेली वाचने लागतात, आणि पोस्टग्रेसमध्ये मोठा व्हेक्टर वेगळ्या तक्त्यात तुकडे करून ठेवला जात असल्याने एका व्हेक्टरसाठी एकाहून अधिक वाचने पडतात. सेकंदाला ३००० वाचनांच्या मर्यादेत आदर्श स्थितीतही पंधराच शोध बसतील. यंत्राला थेट जोडलेली एनव्हीएमई प्रकारची वेगवान डिस्क असेल तर एक वाचन साधारण शंभर मायक्रोसेकंदांत होते आणि दोनशे वाचने एकामागून एक केली तरी २० मिलिसेकंदांत संपतात. तेच काम फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर दोन सेकंद घेईल. मेमरी वाचवली, पण डिस्क कोणती हे पाहिले नाही, अशी रचना मी एकाहून अधिक ठिकाणी उसवलेली आहे. मधला मार्ग असा की उमेदवारांच्या फेरतपासणीसाठी एका मितीला एक बाइट या हिशेबाने पूर्णांकी प्रत मेमरीत ठेवावी. आपल्या १४ लाख तुकड्यांना ती १.४ जीबीची होते आणि चार बाइटांच्या मूळ प्रतीला शोधात हात लावावा लागत नाही. पीजीव्हेक्टरमध्ये हा प्रकार तयार मिळत नाही. त्यासाठी फेस (Faiss) किंवा क्वाड्रंट (Qdrant) यांसारखे व्हेक्टर शोधाचे वेगळे साधन लागेल, म्हणून केवळ एवढ्यासाठी आज स्थलांतर करू नये.

एक गंमत येथे नोंदवतो. बायनरी व्हेक्टर १२८ बाइटांचा आणि एम १६ असताना शेजाऱ्यांची यादीही १२८ बाइटांचीच; म्हणजे इतक्या आकसलेल्या व्हेक्टरांवर एचएनएसडब्ल्यू बांधला तर इंडेक्स मालाइतकाच जड होतो. त्याऐवजी १४ लाख बायनरी व्हेक्टर, म्हणजे ०.१८ जीबी, आरंभापासून शेवटपर्यंत सरळ चाळले तर आजच्या साध्या प्रोसेसरलाही दहा-वीस मिलिसेकंद पुरतात. इंडेक्स नको, त्याची बांधणी नको, नोंद वगळली की राहणारी भोके नकोत. एक-दोन लाख तुकडे असणाऱ्या संस्थांना तर मी क्वांटायझेशनही करू देत नाही. ७६८ मितींचे एक लाख व्हेक्टर ०.३ जीबीत मावतात आणि ते सरळ चाळण्यात रिकॉल शंभर टक्के असतो. साधेपणाचा हा मार्ग दिसत असूनही कोणी धरत नाही, कारण त्याला नाव नाही.

आता ज्याविषयी आपण विचारले नाही, पण ज्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, त्या मोजमापाकडे येतो. आपल्या नोंदींतून शेतकऱ्यांनी खरोखर विचारलेले दोनशे प्रश्न निवडावेत. स्वतः रचलेले नकोत. प्रत्येकासाठी इंडेक्स बंद ठेवून सर्व व्हेक्टर सरळ चाळावेत आणि खरे जवळचे दहा तुकडे नोंदवून ठेवावेत. एका प्रश्नाला काही सेकंद लागले तरी एका सायंकाळीत हे काम होते. त्यानंतर कोणताही बदल केला की त्याच दोनशे प्रश्नांवर दहापैकी किती मिळाले ते मोजावे. ईएफ-सर्च ४० वरून १०० केल्याने रिकॉल किती वाढला आणि वेळ किती गेला, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की निर्णय आपोआप होतो. माझ्या मते आपल्यासारख्या कामात दहापैकी साडेनऊ पुरेसे आहेत. त्यापुढच्या अर्ध्यासाठी दुप्पट मेमरी मोजणे योग्य नाही, कारण माहितीपत्रकातील तीच शिफारस दुसऱ्या एखाद्या तुकड्यातही असतेच.

हे मोजमाप न केल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील एका कामात शेतकऱ्यांना चुकीची उत्तरे मिळतात अशी तक्रार आली. मी ती इंडेक्सची समजलो. एम दुप्पट केला, ईएफ-सर्च वाढवत नेला आणि शेवटी यंत्रही मोठे घेतले. भाडे वाढले, तक्रार तशीच राहिली. अखेर सरळ चाळणीशी तुलना केली तेव्हा रिकॉल आधीपासूनच उत्तम असल्याचे दिसले. दोष शब्दांत होता. शेतकरी ‘पऱ्हाटीवर लाल्या आला’ असे लिहीत होते, माहितीपत्रकांत ‘कपाशीची पाने लाल होणे’ होते आणि आम्ही घेतलेले बहुभाषी मॉडेल पऱ्हाटी या शब्दाला कपाशीच्या जवळ ठेवतच नव्हते. इंडेक्सने अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणचे सर्वांत जवळचे तुकडे आणून दिले होते. त्यावर उपाय निघाला तो वऱ्हाडी शब्दांची छोटी पर्यायसूची आणि सोबत साधा शब्दशोध, असा. दोन्ही मिळून काही एमबींचे काम. लाल्या, चक्रीभुंगा, संत्र्यावरील कोळशी आणि डिंक्या अशा शब्दांची सूची आपल्या भागातील कृषी विभागाचे गावपातळीवरील कर्मचारी अर्ध्या दिवसात करून देतील.

तुकड्यांच्या संख्येविषयीही थोडी शंका आहे. आपण ६०० चिन्हांचे तुकडे ३०० चिन्हांच्या सरमिसळीने पाडले आहेत, म्हणजे आधीच्या तुकड्यातील शेवटची ३०० चिन्हे पुढच्या तुकड्यातही येतात, असे आपल्या वर्णनावरून दिसते. निम्मी सरमिसळ म्हणजे तुकड्यांची संख्या जवळपास दुप्पट. ती १०० चिन्हांवर आणली तर प्रत्येक पुढचे पाऊल ३०० ऐवजी ५०० चिन्हांचे होईल आणि माहितीपत्रकांचे तुकडे दोन-पंचमांशाने घटतील. व्हॉट्सॲपवरील प्रश्नांत तर एकाच आठवड्यात बोंडअळीविषयी शेकडो जणांनी तेच विचारलेले असणार. त्यांचे प्रत्येकी वेगळे व्हेक्टर ठेवण्यापेक्षा जवळजवळ सारखे प्रश्न एका प्रतिनिधीत गोळा करावेत आणि संख्या एका रकान्यात ठेवावी. कोणत्याही क्वांटायझेशनपेक्षा ही झाडणी स्वस्त आहे, आणि तिने रिकॉल घटत नाही; उलट पहिल्या दहांत एकच उत्तर सात वेळा येण्याचा त्रास संपतो.

एकाच पिकाचे किंवा तालुक्याचे निकाल हवेत, अशी अट शोधाला लावण्याबाबत एक सूचना. पीजीव्हेक्टर इंडेक्समधून उमेदवार आधी काढतो आणि अट नंतर लावतो. ईएफ-सर्च ४० असताना शेकडा दहा नोंदीच अटीत बसत असतील तर सरासरी चारच निकाल हाती येतात. ०.८.० आवृत्तीपासून पुरेसे निकाल मिळेपर्यंत पुढे शोधत राहण्याची सोय आहे, ती चालू करावी. संत्रा, कापूस, सोयाबीन, तूर अशी मोजकी पिके असतील तर पिकानुसार तक्त्याचे विभाग पाडणे त्याहून चांगले. तालुक्यासारख्या बारीक अटीसाठी साधा इंडेक्स आणि उरलेल्या काही हजार नोंदींची सरळ चाळणी पुरते.

इतर पद्धतींचा उल्लेख आपण केला म्हणून थोडक्यात लिहितो. आयव्हीएफ पद्धतीत व्हेक्टरांचे गट पाडून जवळचे मोजकेच गट चाळले जातात. ती मेमरीत हलकी आहे, पण गटांची केंद्रे बांधणीच्या दिवशीच्या मजकुरावर ठरतात. उन्हाळ्यात संत्र्याच्या आंबिया बहाराच्या प्रश्नांवर बांधलेले गट जुलैतील सोयाबीनच्या प्रश्नांना बेढब ठरतात, म्हणून हंगाम बदलला की पुनर्बांधणी आली. प्रॉडक्ट क्वांटायझेशन ही २०११ मध्ये जेगू, दूझ आणि श्मिड यांनी मांडलेली पद्धत उत्तम आहे, मात्र तिचे प्रशिक्षण आणि देखभाल आपल्या आकाराला जड. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेला डिस्क-एएनएन एक अब्ज बिंदू ६४ जीबी मेमरी आणि एसएसडीवर सांभाळतो. १४ लाखांसाठी त्याची वाट धरू नये. मिती तोडण्याविषयी इतकेच, की मात्र्योश्का पद्धतीने, म्हणजे महत्त्वाची माहिती आधीच्या मितींत यावी अशा रीतीने, प्रशिक्षित मॉडेलच्याच व्हेक्टरांची शेपटी कापता येते. इतर मॉडेलच्या पहिल्या २५६ मिती ठेवणे म्हणजे पोत्यातील वरचा थर पाहून माल घेणे होय.

वेग किती हवा, हेही ठरवून ठेवावे. शेतकऱ्याच्या फोनपर्यंत उत्तर पोहोचताना गावातील नेटवर्क एक-दोन सेकंद घेते आणि उत्तर लिहिणाऱ्या भाषा-मॉडेलला आणखी काही सेकंद लागतात. त्या साखळीत शोध ८० मिलिसेकंदांवरून १० वर आणल्याचा लाभ कोणाच्याही लक्षात येणार नाही. शंभर शोधांपैकी नव्याण्णव २०० मिलिसेकंदांच्या आत झाले की थांबावे आणि उरलेले पैसे उत्तरांच्या तपासणीकडे वळवावेत.

पुढे आपण यंत्र कंपनीच्या कार्यालयात ठेवण्याचा विचार करत आहात, म्हणून शेवटी एक व्यावहारिक बाब. भारनियमनात यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की मेमरी रिकामी असते. इंडेक्सची पाने शोध येतील तशी एक-एक करून डिस्कवरून चढतात आणि पहिला अर्धा तास व्यवस्था आजारी वाटते. पोस्टग्रेसमध्ये पीजी-प्रीवॉर्म हे विस्तारक आहे. यंत्र सुरू होताच त्याच्याकडून ३.८ जीबीचा इंडेक्स सलग वाचून घेतला तर साध्या एसएसडीवरही हे काम मिनिटाच्या आत होते. तोपर्यंत शोधाची सेवा बाहेरून येणाऱ्या प्रश्नांसाठी उघडू नये, आणि इन्व्हर्टरवर यंत्रासोबत राउटरही जोडावा.